काळं बटण

१

दुपारची जेवणं झाली, ताटं पालथी पडली, की चारच्या चहापतोर आमच्या केंद्रात काय हलत न्हाय. रत्नागिरी रस्त्याला, पूल ओलांडून पुढं, उसाच्या फडाला लागून बैठी इमारत हाय. एकच लांब व्हरांडा, त्याला दहा खोल्या, खोलीत एकेक म्हातारं माणूस. कोण अंथरुणाला खिळलेलं, कोण डोस्क्यानं गेलेलं, कोण नुसतंच घरात मावंना म्हणून आणून सोडलेलं. व्हरांड्याच्या तोंडाला बाकडं हाय. त्यावर मी बसतो.

मी केरबा. शाळा चौथी, त्येबी मास्तरनं ढकलत नेलं. गाव मलकापूरच्या वरल्या अंगाला. हितं माझं काम माणसं उचलायची, धुवायची, पुसायची, पाणी पाजायचं. काम मला जमतंय. तोंड तेवडं वंगाळ हाय. कुणी बोलावलं की आदी वरडतो, मग जातो. पण जातो.

आदी माणसं तांब्या वाजवायची. खाटंच्या लोखंडावर तांब्या आपटला की मी उठायचो. दोन हजार तीन साली आमच्या शशिधर साहेबांनी, म्हंजी केंद्राच्या मॅनेजरनी, बेल आणली. लाल बटण म्हाताऱ्याच्या गळ्यात. काळं बटण उशाच्या भिंतीला. लाल दाबलं की माझ्या बाकड्यावरच्या बॉक्सात खोलीचा नंबर पेटतोय आणि टिंगटाँग सुरू. ती बंद करायची तर खोलीत जाऊन काळं दाबायचं. माणूस खरंच गेला का न्हाय, ते त्यावरनं कळतंय.

बसवायला पुण्याचा माणूस आलता. मी म्हणलं, "तार कुटं हाय?"

"तार नाही काका. हवेतून जातं."

"हवेतनं जातंय, तर वाटंत दुसऱ्या कुणी ऐकलं म्हंजी?"

त्यो हसला. "ऐकायला बॉक्स लागतो काका. बॉक्स एकच आहे."

मलाबी हसू आलं. तांबे सगळे गोळा केले आणि सैपाकघराच्या फळीवर टाकले.

२

पुढच्या वर्साची खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिशी हत्यार पुजत्यात, आणि पुजलेल्या हत्याराला दिवसभर काम लावत न्हाईत. नांगर असू दे न्हायतर ट्रॅक्टर, त्याला इसावा. साहेब सणाला गडहिंग्लजला घरी गेलते. मी सैपाकघराच्या दारात पोतं हातरलं. त्यावर मिक्सर, बीपीचं मशीन, इळती, खोरं मांडलं, एक जादा चाकाची खुर्ची बाजूला उभी केली. आणि बॉक्स काढून आणला.

सयाजी माझ्यासंगं कामाला. त्यो म्हणला, "त्यो राहू दे लगा चालू."

"का? वर्सभर राबालाय त्यो. ट्रॅक्टरला सुट्टी देतोस आणि ह्येला न्हाय?"

"कुणाला काय लागलं तर?"

"तांबे हाईत की. वाजवत्याल."

हळदकुंकू लावलं, झेंडू घातला, नारळ फोडला. बॉक्सची पिन तशीच भाईर. तांबे मीच फळीवर टाकलेत हे माझ्या ध्यानात आलं न्हाय.

चारला चहा घिऊन नऊ नंबरात गेलो. तितं चनबसाप्पा आजोबा असायचे, गडहिंग्लजकडचे भुसार व्यापारी. मला तम्मा म्हणायचे, कानडीत धाकटा भाऊ म्हंजी तम्मा. गेलेले. गार पडलेले. अंगठा लाल बटणावर तसाच रुतलेला.

त्येचं मला वाईट वाटलंच. पण दुसरी गोष्ट बघितली आणि चहाचा कप तसाच भुईवर ठेवला. चादर गळ्यापतोर नीट वर घेतलेली. स्टुलावर ग्लास, रिकामा, उपडा. माशी बसू नये म्हणून पाणी पाजल्यावर ग्लास उपडा ठेवायची सवय हितं एकट्या माझी हाय.

भाईर आलो. आठ नंबरच्या दारात बयाबाई चाकाच्या खुर्चीत बसलेली. ती दिवसभर तितंच बसून व्हरांडा राखती. म्हणली, "गेला व्हय रं चनबसाप्पा? मगाशी दोनदा बेल वाजली तवाच मला वाटलं."

"बेल बंद हुती म्हातारे. पिन भाईर काढलीया."

"मग तू कसा गेलतास आत?"

३

म्हातारी माणसं मरत्यात. हितं त्यासाठीच येत्यात. आणि बयाबाईला काल का आज ते कळत न्हाय. ग्लासाचं म्हणाल तर सकाळी मीच ठेवला असंल. असं मी मला सांगितलं, आणि आठ दिस ते पटलंबी.

मग दिवाळीच्या अगुदर एका दुपारी चार नंबर पेटला. टिंगटाँग. मी शिवी हासडली, चपला घातल्या, चार पावलं गेलो, आणि बेल बंद झाली.

म्हंजी कुणीतरी काळं दाबलं.

चार नंबरात गणपतराव. जलम सगळा इचलकरंजीला मागावर गेलेला, त्यामुळं कानानं बाद, मोठ्यानं बोलायची सवय. मी आत गेलो तर त्यो तोंड पुसत हुता.

"आता काय पायजे परत?" त्यो म्हणला.

"तुमीच बोलीवलं की."

"आणि दिलंस की पाणी. आत्ता. ह्यो काय ग्लास."

ग्लास उपडा. बुडाला पाण्याचं कडं, ओलं.

"आज गप गप दिलंस," गणपतराव म्हणला. "वरडला न्हाईस. तब्बेत बरी न्हाय व्हय?"

मी सरळ मागं गेलो. सयाजी दोरीवर चादरी वाळत घालालता. त्याची कॉलर धरली. "माझ्या खोल्यात कशाला नाचतोस रं? साहेबापुढं चांगला दिसायचं हाय?"

त्याचे दोन्ही हात साबणानं भरलेले. म्हणला, "लगा, मी तासभर हितंच हाय. सोड की. नवा शर्ट हाय."

सोडला. गुऱ्हाळं नुकती पेटलेली, फडापलीकडनं गुळाचा वास येत हुता. ऊन लख्ख. अशा उनात भ्या वाटायचं काय कारण न्हाय. मी व्हरांड्यात परत आलो. दहा दारं मोजली. शेवटच्या खोलीपुढं भिंत हाय. तिकडनं जायला वाट न्हाय.

४

त्यानंतर गणपतरावानं बेल दाबायची सोडली, पडल्या पडल्या नुसतं केरबा, केरबा म्हणायचा. जेवायची बी सोडली. मी घास घिऊन गेलो की मान फिरवायचा.

"नगं. पोट भरलंय. त्यो बघतोय की सगळं."

"त्यो कोण?"

"तूच रं." आणि माझ्याकडं निरखून बघितलं. "पण बरा तू."

चवथ्या दिशी गेला. चादर गळ्यापतोर.

मी साहेबांच्या खोलीत शिरलो. म्हणलं, "ती बेल काढा. कोणतरी माझ्या आदी जातंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट न्हाय, खरं सगळं कागदावर बघणार. म्हणले, "केरबा, सेल कमी झाले की बेल आपोआप बंद होत असेल. बघायला सांगतो."

"सेल कमी झाल्यावर ग्लास उपडा पडतोय व्हय?"

"हे बघ. तुझ्याबद्दल दर महिन्याला तक्रारी यायच्या. रागावतो, ओरडतो. गेल्या महिन्यात एकही नाही. उलट नातेवाईक म्हणतात, केरबा किती मायेनं करतो. सुधारलायस तू. आता हे कुठलं खूळ?"

मला असा राग आला, पण त्यो कुणावर काढायचा तेच कळंना. जलमात पयल्यांदा माझं कुणी चांगलं बोललं, आणि ते माझं न्हवतं.

भाईर बयाबाई दारात हुती. मी म्हणलं, "म्हातारे, तू तर सगळं बघतीस. कोण जातंय माझ्या आदी?"

"तू जातोस. आणि मग परत तू जातोस."

"आणि पयला भाईर कुटनं निगतोय?"

तिनं इचार केला. म्हणली, "ते मी बघितलं न्हाय कवा."

५

सहा नंबरात माझी आक्का.

ती माझ्याहून तेरा वर्सांनी मोटी. मी तान्हा असताना आई गेली, तवापसनं हिनंच वाडवलं. तिला मूलबाळ न्हाय, नवरा लवकर गेला. दोन वर्सामागं लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवडा राहिला. तिला हितं आणली, म्हणूनच मी हितं नोकरीला लागलो.

बारका असताना मी म्हसरं घिऊन टेकावर असायचो. खालनं आक्का पितळी तांब्या दगडावर वाजवायची. दोन ठोकं, थांबून एक. म्हंजी जेवायला ये. आणि मी वरनं रेडकू रेकतं तसा रेकायचो. म्हंजी आलो. तेवडंच. गावात कुणाला त्याचा अर्थ म्हाईत न्हवता, आणि ती म्हसरं सोडून पस्तीस वर्सं झाली.

आता तिला बोलायला एकच बटण. सहा नंबर म्हंजी आक्काचं तोंड.

कार्तिकातल्या एका दुपारी सहा पेटला. मी पळालो. पाच पावलात बेल बंद.

आत गेलो. ग्लास उपडा. पण आक्काची चोळी, उशी, सगळं पाण्यानं भिजलेलं, आणि आक्का दात आवळून पडलेली. एक थेंब आत घेतला न्हवता. माझ्याकडं बघितलं तिनं. डावा हात मुठीत.

मी चिडलो. "एवडं पाणी सांडालीस, तुज्या बाचं तळं हाय व्हय?" म्हणून वरडलो, आणि तिची मूठ सुटली. तोंड उघडलं. तवा कळलं. त्यो न वरडता आला म्हणून तिनं वळखलं. ज्यानं पाणी धरलं त्यो मी न्हवं, हे ह्या अख्ख्या इमारतीत एकट्या आक्काला कळलं हुतं.

मी तिची चोळी बदलली. म्हणलं, "आयक. मी येतो तवा शिव्या देत येतो. शिवी ऐकू आली तरच पाणी प्यायचं. गप आला, तर तोंड उघडायचं न्हाय." आक्कानं पापणी हलवली. मग मी सैपाकघराच्या फळीवरचा एक तांब्या काढून तिच्या डाव्या हाताशी ठेवला. मारायला काय तरी असावं.

बटण काढून घ्यावं काय, असं बी आलं मनात. पण ते काढलं म्हंजी तिचं तोंडच शिवलं. मला भ्या वाटतंय म्हणून आक्काला मुकी करू? न्हाय. त्या भोसडीच्याला जमलं तर माझ्या आदी पोचून दाखवू दे.

६

बारा दिस मी पळालो. बाकडं उचलून सहा नंबरच्या दाराजवळ आणलं, बॉक्स बी लांब वायर टाकून तितं आणला. टिंगटाँग व्हायच्या आत माझ्या शिव्या सुरू. "आलो आलो, मरालीस काय, पाय हाईत का चाकं माजी." आक्का प्यायची. तिच्या डाव्या गालावर हसू यायचं. तिच्या पुरता मीच आदी पोचत हुतो.

बाकीच्यांच्या पुरता न्हाय. एकटा माणूस दहा दारं राखू शकत न्हाय. सयाजीला पळीवलं, पण त्यो चालतो त्यात दोन बेला सरत्यात.

एक दिशी बयाबाई दारात दिसली न्हाय. खाटंवर पडलेली, भिंतीकडं तोंड करून. म्हणलं, "राखण सोडली व्हय?"

"दमले रं." मग बारीक आवाजात, "त्यो वरडत न्हाय केरबा. मी एवड्या वर्सात तुला सांगितलं न्हाय, पण तू वरडलास की मला पाणी मागायची लाज वाटायची."

मी तिच्या पायाशी बसलो. म्हणलं, "आजपसनं न्हाय वरडणार. खा की चार घास."

"आता राहू दे," ती म्हणली. अडीच दिसानं गेली.

त्या दिशी मला रडायला आलं आणि रागबी आला, दोन्ही एकदम. म्हणलं, माणसानं चुकावं, त्याला शिक्षा व्हावी, कबूल. खरं शिक्षा मला दे. माझं सोंग घिऊन तिला कशाला नेतोस?

सोमवारी तीनच्या सुमाराला मी मोरीत हात धुवालतो. सहा पेटला. टिंगटाँग ऐकून मी शिवी द्यायला तोंड उघडलं.

आणि आवाज आला. माझा. पण माझ्या तोंडातनं न्हाय. सहा नंबरातनं.

"आलो आलो, मरालीस काय, पाय हाईत का चाकं माजी."

तसाच. मदी माझा दम लागतोय तितं दम लागून. मी ओल्या हातानं पळालो. दार लोटलेलं हुतं. बिजागरीच्या फटीतनं दिसलं तेवडं सांगतो. खांद्यावर निळ्या चौकड्याचा टावेल, माझा. काळ्या बटणावर हात. आणि मान, पाटमोरी. आपली मान आपुण कवा बघत न्हाय. तरी मला कळलं. मानंवर जुन्या गळवाचा वण हुता. त्यो वण मला हाय, हे मला आक्कानंच सांगितलेलं, ल्हानपणी.

दार ढकललं. खोलीत आक्का. दुसरं कोण न्हाय. ग्लास भरलेला, स्टुलावर, पाणी अजून हलालतं. बेल बंद झालेली. माझा टावेल माझ्याच खांद्यावर.

आक्कानं तांब्या उचलला हुता. मी एक पाऊल पुढं टाकलं तर तिनं त्यो माझ्यावर बी उगारला.

म्हणलं, "आक्का, मी हाय."

तिचा हात खाली आला न्हाय. डोळे नुसते माझ्या तोंडावर फिरालते. ह्यो का त्यो. तिच्या आयुष्यात तिनं माझ्याकडं असं बघितलं न्हवतं. शिवीबी गेली माझ्याकडनं. माझं म्हणून काय राहिलं हुतं?

मी मागं सरलो, उंबऱ्यात भुईवर बसलो, आणि संध्याकाळपतोर तसाच बसलो. अंधार पडताना तिनं हात टेकला. झोप लागली म्हणून, मला वळखलं म्हणून न्हाय.

७

त्या बसण्यात मला एक गोष्ट सुचली. मी चौथी शिकलेला, तरी सुचली. त्यो कवा येतोय? बोलावल्यावर. बेल वाजली, हाक मारली की येतोय. बोलावल्याशिवाय एकदा बी आलेला न्हाय. चनबसाप्पानं बोलावलं, आमी ऐकलं न्हाय, ह्येनं ऐकलं. बोलावणं हेच त्याचं दार.

तर मग मी न बोलावता बसणार.

दुसऱ्या दिशी आक्काच्या गळ्यातल्या बटणातला सेल काढून खिशात घातला. म्हणलं, "बटण नगं आता. मी हितंच हाय. तू बघितलंस की मी दिसंन." आक्कानं नुसतं बघितलं. तांब्या हातातच. मी तिच्या खाटंला पाट लावून बसलो. दाराला आतनं कडी.

अकराला साहेब आले. कडीवर ठोकलं. "केरबा, बाकीच्या खोल्या कोण बघणार?"

"सयाजी."

"तुला काढून टाकीन मी."

"काढा. मी पगाराला बसलो न्हाय हितं. आक्काजवळ बसलोय. पोलीस आणा, उचलून न्या."

"काय झालंय तरी काय तुला?"

"सुधारलतो म्हणं मी. बिघडलो परत."

साहेब गेले. जेवण झालं. ताटं पालथी पडली. जेवल्यावर घरं निजत्यात तशी सगळी इमारत निजली. खिडकीतनं गुळाचा वास, लांब ट्रक. आक्का जागी. मी जागा.

तीनला भाईर बॉक्स वाजला. टिंगटाँग.

सयाजी तितं बसलेला. त्यानं हाक मारली, "केरबा, सहा."

मी खिशात हात घातला. सेल हातात. गार.

टिंगटाँग.

मी वरडणार हुतो, बॉक्स बंद कर म्हणून. तेवड्यात सयाजीच परत बोलला, पण माझ्याकडं तोंड करून न्हाय. हळू आवाजात, हसत, शेजारनं जाणाऱ्याला बोलावं तसं. "जा की लगा पळत. आज काय शिव्या इसरलास व्हय?"

चपला वाजाय लागल्या. माझा डावा पाय जरा घासतोय, तसा घासत. आणि शिव्या. माझ्या, एकापाठी एक, मी देतो त्याच वळीनं. दारापतोर आल्या. थांबल्या.

"आक्का," भाईरनं मी म्हणलो. "दार उघड."

कडी हलली न्हाय. मी पाट दाराला लावली. दाराच्या त्या अंगालाबी पाट टेकल्यागत वाटलं, तितक्याच उंचीवर. फळीतनं ऊब आली.

"आक्का, आत जो हाय त्यो मी न्हाय गं."

हे ऐकलं आणि पयल्यांदा खरं भ्यालो. कारण आक्का दाराकडं बघालती. मग माझ्याकडं. मग परत दाराकडं. तिला दोन केरबा हुते, दोघांचा आवाज एक, दोघांची शिवी एक. आणि भाईरचा जास्ती मायेनं बोलालता. मी काय बोलणार? जे बोलंन ते त्योबी बोलंल.

मी सरकून परत आक्काच्या खाटंला टेकलो.

आक्कानं तांब्या उचलला. मला वाटलं, फेकती आता माझ्या कपाळात. तिनं त्यो खाटंच्या लोखंडावर आपटला.

दोन ठोकं. थांबून एक.

मला इचार करायला लागला न्हाय. सत्तेचाळीस वर्सांचा गडी, भुईवर बसलेला, मान वर केली आणि रेडकागत रेकलो. गळा फाटस्तोर.

भाईर काय न्हाय. शिव्या न्हाईत, माया न्हाय. भाईर ते कोण हुतं त्याला ह्येचं उत्तर म्हाईत न्हवतं. ह्या इमारतीत ते कुणी कवा दिलंच न्हवतं.

आक्काचा डावा गाल हलला. हसली ती. तांब्या खाली ठेवला, आणि मोकळा हात माझ्या डोस्क्यावर.

बेल अजून वाजालती. मी उठलो. काळं बटण दाबलं. मी हितं हुतो, म्हणून मी दाबलं. बेल बंद झाली.

बऱ्याच वेळानं दाराच्या त्या अंगाला रेडकू रेकलं. बारीक. चुकीचं. शेवटाला वर जायाला पायजे हुतं तितं खाली गेलं. मग परत एकदा, जरा कमी चुकीचं. मग चपला. लांब गेल्या.

८

साहेबांनी मला काढलं न्हाय. सयाजीनं तीन दिस रजा काढली, आणि आल्यापसनं बॉक्सजवळ बसत न्हाय. का, ते त्यो सांगत न्हाय आणि मी इचारत न्हाय. बेल आता बंदच असती. सगळ्या खाटंला तांबे दिल्यात. मी दिवसभर व्हरांड्यात फिरतो, कुणी बोलवायच्या आदी जातो, आणि दुपारी सहा नंबरात बसतो. वरडणं कमी केलंय, बयाबाईसाठी. सोडलं न्हाय.

पिन भाईर असली तरी एखाद्या दुपारी बॉक्सवर सहा पेटतोय. मग फडाकडनं रेडकाचा आवाज येतोय. आता जवळजवळ बरोबर येतोय.

येऊ दे. रेकायचं शिकलास, चांगलं झालं. काल मी आक्काला इचारलं, टेकावरनं मी पडलो त्या दिशी तू माझ्या कानात काय म्हणलीस. ती बोलू शकत न्हाय, पण डाव्या हाताच्या बोटानं तिनं माझ्या तळव्यावर ते वाजवून दाखीवलं. मला कळलं. भाईर कुणाला ऐकू गेलं न्हाय.

तसल्या सत्तेचाळीस वर्सांच्या खुणा हाईत आमच्याकडं. दररोज एक काढतो. बस तू फडात, शिकत ऱ्हा. मी आक्काजवळ बसलोय.